नाशिकरोडचा रुपया किती दूर जातो?

पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्यात एक हिशेब कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या खर्चासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून दिले. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने, उरलेले हजार शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हे वाचत पुढे गेलं की आणखी एका देणगीचा आकडा येतो: सत्तर हजार कार्षापण म्हणजेच दोन हजार सुवर्ण, पस्तिसाला एक या दराने. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्या पस्तिसावरच अडकलो होतो. रोजच्या व्यवहारातल्या नाण्याचा सोन्याच्या नाण्यातला भाव नाशिकच्या डोंगरात कोरला गेला, त्याला अठरा-एकोणीसशे वर्षं झाली. आज रुपयाचा परकीय चलनातला असाच भाव मोबाइलवर दर सेकंदाला हलतो, आणि तो हलला की कोणाच्या तरी परदेशवारीचं गणित कोलमडतं.

त्या डोंगरापासून थोड्याच अंतरावर नाशिकरोडला या गणिताच्या दोन्ही बाजू छापल्या जातात. तुमच्या कपाटातलं निळं पासपोर्ट पुस्तक इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतं. इथून ती कोरी पुस्तकं देशभरच्या पासपोर्ट कार्यालयांत जातात, नाव आणि फोटो तिथे छापले जातात. आता चिप असलेले ई-पासपोर्टही इथेच होतात. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापतात. ती 1928 साली सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा विलायतेतून छापून यायच्या. पाच रुपयांच्या नोटेपासून सुरुवात झाली आणि 1932 पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकरोडला छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे परदेशी जायची परवानगी आणि तिथे खर्चायचा पैसा, दोन्ही एकाच गावचे. पासपोर्टची ताकद कागदावर लिहिलेली असते. नोटेची ताकद मात्र प्रत्येक देशाच्या सीमेवर नव्याने ठरते. मंदीच्या काळात स्वस्तात परदेश बघायचा असेल तर समजून घ्यायची गोष्ट हीच आहे, आणि ती तिकिटांच्या सवलतींपेक्षा कितीतरी मोठी आहे.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे 1912 साली नोकरी नव्हती, छापखान्याचा धंदा सुटला होता, डोळ्यांचं दुखणं नुकतंच होऊन गेलं होतं. चित्रपट कसा करतात ते शिकायला लंडनला जायचं होतं. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारीत बोट पकडली. लंडनमध्ये ते जेमतेम दोन आठवडे राहिले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाला गाठलं, त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ बघितला, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला आणि एप्रिलच्या सुरुवातीला परतले. तेव्हा एक रुपया म्हणजे एक शिलिंग चार पेन्स, म्हणजेच पंधरा रुपयांना एक पौंड. तो दर कित्येक वर्षं तसाच होता. कॅमेऱ्याचे साडेसातशे रुपये होणार हे फाळके मुंबईत बसून सांगू शकत होते. आजच्या प्रवाशाला ही निश्चिंती नाही. तरी त्या दौऱ्याची आखणी आजही शिकण्यासारखी आहे: जे बघायचं ते आधी ठरवलेलं, मुक्काम आखूड, आणि पैसा ज्या कामासाठी काढला त्याच कामाला लागलेला.

दर बांधलेला असला की काय होतं, हे दिसलं ते 1931 साली. जग महामंदीत होतं. त्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. आदल्या वर्षी 2 मार्चला त्यांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झालेला. रुपयाच्या विनिमय दरावर ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ त्यांनी 1923 सालीच लिहिला होता. आणि ते लंडनमध्ये असतानाच, 21 सप्टेंबरला, ब्रिटनने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिलेला माणूस त्याच शहरात, त्याच दिवसांत! हा योग मला फार विलक्षण वाटतो.

त्यानंतर जे झालं त्यात आपल्या विषयाचं मर्म आहे. रुपया तेव्हा पौंडाला बांधलेला होता, एक शिलिंग सहा पेन्सने, म्हणजे एका पौंडाला तेरा रुपये आणि एक तृतीयांश. पौंड गडगडला तसा रुपयाही गडगडला, पण दोघं एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे बरोबरच उतरले. इंग्लंडला जाणाऱ्याला पौंड पूर्वीच्याच भावात मिळत राहिला. अमेरिकेला जाणाऱ्याचं मात्र कंबरडं मोडलं. पावणेतीन रुपयांना मिळणारा डॉलर वर्षअखेरीला चार रुपयांच्या घरात गेला. तोच रुपया, तोच महिना. एका देशाची वाट होती तशीच राहिली आणि दुसऱ्याची जवळजवळ दीडपट महागली. (त्याच वर्षांत आपल्या खेड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं सावकारांच्या मार्फत बोटींत चढून विलायतेला गेलं. मंदीचा खरा भार कुणावर पडला, ते विसरून प्रवासाचं बोलणं बरं नाही.)

तेरा आणि एक तृतीयांश हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो वाळवंटातही सापडतो. एकेकाळी कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथे भारतीय रुपयाच चालायचा. त्या वाटेने सोन्याची तस्करी वाढली म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगांच्या खास नोटा काढल्या, आणि हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या. त्या काळी देशात नोटा छापणारा एकच कारखाना होता, तो नाशिकरोडचा. म्हणजे दुबईच्या बाजारात खजूर विकत घ्यायचा तर नाशिकरोडची नोट लागायची. कुवेतने 1961 साली आपला दिनार काढला तो एका पौंडाच्या बरोबरीचा, म्हणून एका दिनाराला तेरा रुपये आणि एक तृतीयांश. आज त्याच दिनाराला अडीचशेहून अधिक रुपये पडतात. 6 जून 1966 रोजी आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर 4.76 वरून 7.50 वर गेला, आणि आखातातल्या उरलेल्या बहुतेक राज्यांनीही रुपयाला निरोप दिला.

त्यापुढची वर्षं परदेश प्रवासाच्या दृष्टीने कोरडी होती. बाहेर जायला रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ लागायचा. अमेरिकेला शिकायला गेलेल्या त्या पिढीच्या आठवणींत ‘खिशात आठ डॉलर’ हमखास येतात. परकीय चलनावर कडक पहारा बसवणारा फेरा कायदा 1973 साली आला. तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण, 1963 साली नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेलेले. 1991 साली तर देशाकडे दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं आणि सुमारे 47 टन सोनं गहाण ठेवण्यासाठी बाहेर पाठवावं लागलं. आज एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. आठ डॉलरपासून इथवरचा पल्ला एका आयुष्यात पार झालेली माणसं आपल्या घरांत आहेत.

आता मंदी आली की रुपया का घसरतो, ते पाहू. जगात भीती पसरली की गुंतवणूकदार जिथे मिळेल तिथला पैसा काढून डॉलरमध्ये नेतात. आपल्या शेअर बाजारातूनही नेतात. नेताना ते रुपये विकतात आणि डॉलर घेतात. शिवाय आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त तेल आपण डॉलर मोजून आणतो. मागणी डॉलरला, पुरवठा रुपयाचा. 2008 च्या जानेवारीत चाळिशीच्या आत असलेला डॉलर वर्ष संपताना पन्नाशीला टेकला. 2013 साली मे ते ऑगस्ट एवढ्या काळात तो चौपन्नवरून अडुसष्टच्या वर गेला. 2025 च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. विमानाचं इंधन, विमानांचं भाडं, यांचे व्यवहार डॉलरशी बांधलेले, त्यामुळे तिकीटही चढतं. आणि नेमक्या याच वेळी घरात पगारवाढ थांबलेली असते.

नाशिकमध्ये या घसरणीची दुसरी बाजूही दिसते. निफाड-दिंडोरीची द्राक्षं कंटेनरमधून नेदरलँड्सला जातात, बिल युरोत होतं. रुपया उतरला की त्याच पेटीचे जास्त रुपये हातात येतात, अर्थात औषधं आणि पॅकिंगचं आयात सामान महागलं नाही तर. रुपया पडला म्हणजे सगळ्यांचंच नुकसान, असं नसतं. ज्याचा दर बदलतो त्याच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत, यावर ते ठरतं.

खरी गंमत पुढेच आहे. आपण बातम्यांत रुपया फक्त डॉलरशी तोलतो, पण सहलीला आपण डॉलरच्या देशात जातोच असं नाही. जपान घ्या. 2012 साली एका रुपयाला साधारण दीड येन मिळत होते. नंतरच्या बारा वर्षांत रुपया डॉलरसमोर चौपन्नच्या आसपासवरून त्र्याऐंशीपर्यंत घसरला. मग जपान आपल्याला महाग व्हायला हवं होतं ना? जुलै 2024 मध्ये एका रुपयाला जवळजवळ एक पूर्णांक नऊ दशांश येन मिळत होते, म्हणजे पूर्वीपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त. आपण घसरलो, पण येन आपल्याहून जोरात घसरला, कारण अमेरिकेने व्याजदर चढवले आणि जपानने आपले शून्याजवळच ठेवले. त्यातून जपानमधले भाव वर्षानुवर्षं जेमतेम हललेले. कायम महागडा म्हणून ओळखला जाणारा देश आपल्या पडत्या रुपयालाही स्वस्त झाला. मी हा हिशेब दोनदा मांडून पाहिला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

थायलंडने 2 जुलै 1997 रोजी बाथ मोकळा सोडला. तेव्हा डॉलरला पंचवीस असलेला बाथ सहा महिन्यांत पन्नाशीपार गेला. श्रीलंकेत 2022 च्या मार्चपासून दोन-तीन महिन्यांत डॉलर दोनशे श्रीलंकन रुपयांवरून साडेतीनशेच्या पुढे गेला. अशा वेळी आपला रुपया तिथे एकाएकी दमदार होतो. पण त्या दिवसांत कोलंबोत पेट्रोलच्या रांगा लागल्या होत्या, औषधं मिळत नव्हती. दुसऱ्याच्या संकटात स्वस्ताई शोधत धावणं मला पटत नाही. देश सावरायला लागला, पाहुण्यांना या म्हणू लागला, की जावं. तेव्हा त्यांना परकीय चलनाची खरी गरज असते. आणि एखाद्या घरगुती खानावळीत जेवलात, गावातल्या माणसाच्या खोलीत राहिलात तर तो पैसा सरळ त्या घरात जातो.

आणखी एक गैरसमज शून्यांचा. व्हिएतनाममध्ये एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात म्हणून व्हिएतनाम स्वस्त नाही, आणि दिनार भारी म्हणून कुवेत महाग नाही. शून्यं हा फक्त इतिहास असतो. स्वस्त-महाग ठरतं ते माणसाच्या श्रमाच्या मोलावर. पंचवटीतला न्हावी आणि झुरिकचा न्हावी यांच्या हातातली कात्री सारखीच, लागणारा वेळही सारखा. तरी झुरिकला त्याच कामाचे कैक पट पैसे पडतात, कारण तिथे घड्याळं, औषधं, यंत्रं बनवणाऱ्यांचे पगार मोठे, आणि न्हाव्यालाही त्याच गावात घरभाडं भरायचं असतं. कात्री बोटीत घालून दुसऱ्या देशात विकता येते, केस कापणं नाही. म्हणून ज्या देशात मजुरी कमी तिथे जेवण, बस, खोली, वाटाड्या हे सगळं स्वस्त. मोबाइल, ब्रँडेड बूट मात्र जगभर थोड्याफार फरकाने एकाच भावाचे. यावरून प्रवासाची सगळी रीत ठरते. विमानाचं तिकीट हा एकदाच बसणारा मोठा फटका, म्हणून एका ठिकाणी जास्त दिवस राहा आणि तिथले लोक जे खातात, ज्यात बसतात, त्यावर जगा. पाच दिवसांत चार देश करणारी सहल मंदीत सगळ्यात महाग पडते, कारण तिच्यात स्वस्त गोष्टींना जागाच उरत नाही.

बाहेर कार्ड वापरलंत तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. दुकानातलं मशीन कधीकधी विचारतं, बिल रुपयांत करू की इथल्या चलनात? रुपये ओळखीचे वाटतात आणि बोट तिकडे जातं. तसं केलं की दर त्या मशीनवाल्याचा लागतो आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. नेहमी तिथलंच चलन निवडा. बऱ्याच भारतीय कार्डांवर परकीय व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो, तो आधी बँकेत विचारून घ्या. आणि विमानतळावरच्या काउंटरवर नोटा बदलणं शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

आणि एक देश असा आहे जिथे यातलं काहीच लागत नाही. 1931 सालच्या पौंडासारखा तो आपल्याच जुवाला आहे. नेपाळने 1993 पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी हा दर धरून ठेवला आहे. डॉलर पन्नास असो की नव्वद, हा दर हललेला नाही. भारतात मंदी आली, रुपया पडला, तरी नेपाळ तुमच्यासाठी दराने महाग होत नाही. त्यातून नाशिककरांना विमानही लागत नाही. नाशिकरोड स्टेशनवर गोरखपूरला जाणारी काशी एक्स्प्रेस किंवा कुशीनगर एक्स्प्रेस पकडा. गोरखपूरहून शंभरेक किलोमीटरवर सोनौली, तिथे कमान ओलांडली की पलीकडे भैरहवा. 1950 च्या कराराने आपल्याला व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्रही चालतं.

सीमेवरच्या पहिल्याच चहाच्या टपरीवर दुकानदार विचारतो, आयसी की एनसी? इंडियन करन्सी की नेपाळी करन्सी, एवढाच त्याचा अर्थ. पाटीवर 320 लिहिलेलं असतं, तुम्ही शंभराच्या दोन नोटा देता, तो न पाहता गल्ल्यात टाकतो. एक पूर्णांक सहाचा पाढा तिथल्या पोराटोरांना पाठ असतो. तुमच्या पाढ्यातही तो पहिल्या दिवशीच बसवून टाका, कारण आकडा कोणत्या चलनात सांगितला ते न विचारता पैसे दिले तर साठ टक्के जास्त जातात. शंभराची नोट बिनघोर चालते. दोनशे-पाचशेच्या नोटांचे नियम तिथे बरीच वर्षं कडक होते आणि ते बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी ते तपासायचे. 2024 पासून अनेक दुकानांत आपला यूपीआयही चालतो.

भैरहवाहून लुंबिनी पंचवीस-तीस किलोमीटर. मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ उभा आहे. त्यावर लिहिलं आहे की बुद्ध इथे जन्मले म्हणून राजाने या गावाला करातून सूट दिली आणि उपजाचा फक्त आठवा हिस्सा घेतला. नाशिकहून येणारे कितीतरी उपासक या स्तंभापुढे हात जोडतात, पण त्यावर एक करसवलत कोरलेली आहे हे फारसं कोणी सांगत नाही. तिथून पुढे पोखरा शहराला बस मिळते.

भूतानचं ङुल्ट्रम तर रुपयाच्या अगदी बरोबरीचं आहे, एकाला एक, आणि आपली नोटही तिथे चालते. मात्र भूतान भारतीयांकडून माणशी दर रात्रीचे बाराशे रुपये शाश्वत विकास शुल्क घेतं. चौघांचं कुटुंब पाच रात्री राहिलं तर लहान मुलांची सवलत धरण्याआधी चोवीस हजार तिथेच झाले. ही रक्कम जंगलं आणि रस्ते राखायला जाते म्हणून ती मला खुपत नाही, पण हिशेबात पहिल्या ओळीत लिहायला हवी. हात आखडलेल्या वर्षात आधी नेपाळ करा, आणि भूतानसाठी वेगळे पैसे साठवायला लागा.